नांगराचा दोर किती सोडायचा?

'मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीनं गेलो' असं सांगितलं की हॉस्टेलवर समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो. त्याच्या डोळ्यांसमोर पांढरंशुभ्र शीड, डेकवर आरामखुर्ची आणि हातात शहाळं असं काहीतरी येतं. मग मी सांगतो की नऊ दिवसांत गोड्या पाण्यानं फक्त दोनदा आंघोळ केली, आणि एका रात्री माझ्या चुकीमुळे आमची बोट दुसऱ्याच्या बोटीवर आदळता आदळता वाचली. मग समोरचा म्हणतो, "बस, सांग सगळं."

मित्रहो, तेच सगळं इथे लिहीत आहे. पण हे प्रवासवर्णन नाही. जंजिरा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते बोटीवरच्या रोजच्या जगण्याबद्दल. पाणी, वीज, झोप, जेवण आणि नांगर यांचा हिशेब कसा चालतो, आणि तो चुकला की काय होतं, याबद्दल.

बोट आणि माणसं

माझ्या रूम पार्टनरचे काका मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे ३२ फुटी फायबर ग्लासची बोट आहे. एक डोलकाठी, दोन शिडं, पोटात २० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. लांबी म्हणाल तर आपल्या हॉस्टेलच्या दोन रूम एकापुढे एक ठेवाव्यात एवढी. त्यात काका, काकू, पार्टनर आणि मी. काका शिडं आणि इंजिन बघायचे. काकू नकाशा, स्वयंपाकाचं सामान आणि लॉगबुक सांभाळायच्या. आम्ही दोघं 'हरकाम्या' या पदावर.

मुंबई ते गोवा हे अंतर किनाऱ्याकिनाऱ्यानं सुमारे २२० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, म्हणजे साधारण ४०० किलोमीटर झाले. आमचा सरासरी वेग ५ नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. सायकलवरचा माणूस आम्हाला शीळ घालत मागे टाकेल. मुरुड, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम ठरले. निघण्याआधी बोटीची कागदपत्रं, चौघांची ओळखपत्रं आणि मुक्कामांची यादी एका प्लास्टिकच्या पिशवीत घातली. २००८ नंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे आणि समुद्रात कुणीही येऊन 'कोण तुम्ही?' असं विचारू शकतं. व्हीएचएफ रेडिओ सतत १६ नंबरच्या चॅनेलवर. तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा नंबर काकूंनी आम्हा दोघांकडून तोंडपाठ करून घेतला.

वाऱ्याचं वेळापत्रक

सातवीच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे वाचले होते. तेव्हा ते दोन मार्कांचे होते. बोटीवर तेच आमचं टाइमटेबल झालं.

डिसेंबर-जानेवारीत कोकण किनाऱ्यावर रात्री जमीन समुद्रापेक्षा जास्त थंड होते. मग पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. सकाळी दहा-अकराच्या सुमारास तो मरतो. तासदोन तास समुद्र तेलासारखा गुळगुळीत. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. दक्षिणेला जाणाऱ्याला हे दोन्ही वारे सोयीचे. म्हणून पहाटे अंधारात उठायचं, मतलईवर शीड चढवायचं, मधल्या मेलेल्या वेळात इंजिन, दुपारनंतर पुन्हा शीड, आणि अंधार पडायच्या आत नांगर. जुन्या काळची गलबतंही याच हिशेबानं चालत असणार. वाऱ्यात बदल झालेला नाही.

अंधारात किनाऱ्यालगत जाणं मात्र त्रासाचं. मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात आणि कित्येक होड्यांवर दिवा म्हणजे एक बॅटरी. शिडाची बोट म्हटल्यावर सगळ्यांनी आपल्याला वाट द्यायची, असा माझा समज होता. काकांनी तो पहिल्याच पहाटे मोडला. इंजिनावर चालणाऱ्या बोटीनं शिडाच्या बोटीला वाट द्यायची हे खरं, पण जाळं टाकून मासेमारी करणाऱ्याला शिडाच्या बोटीनं वाट द्यायची असते. "तो पोटासाठी आलाय, तू हौसेसाठी," एवढंच काका म्हणाले.

पाण्याचा हिशेब

टाकीत १६० लिटर आणि वर २० लिटरचे दोन कॅन. एकूण २०० लिटर. चार माणसं. माणशी रोज ५ लिटर धरले, तर २० लिटर रोजचे आणि दहा दिवसांची बेगमी. ५ लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक, दात घासणं, तोंड धुणं सगळं आलं. तुलनेसाठी सांगतो, शहराची पाणीपुरवठा योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात.

पहिल्या संध्याकाळी काकूंनी टाकीत लाकडी पट्टी बुडवून बघितली. ४६ लिटर गेले होते! कुणी उधळपट्टी केली नव्हती. फक्त पार्टनर आणि मी ताटं धुताना नळ सोडून गप्पा मारत होतो, जसं आपण हॉस्टेलवर करतो तसंच. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी नळाच्या पंपाचा स्विच बंद केला आणि पायानं दाबायचा पंप दाखवला. प्रत्येक दाबाला एक भुरका पाणी. पायाला कळलं की हाताला आपोआप कळतं. दुसऱ्या दिवशीचा खर्च १९ लिटर.

भांडी आधी समुद्राच्या पाण्यात धुवायची, शेवटी कपभर गोड्या पाण्यात विसळायची. साबणाची वडी खाऱ्या पाण्यात फेसच देत नाही. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत 'हार्डनेस ऑफ वॉटर' शिकलो ते हेच. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला बसवून टाकतात, म्हणून लिक्विड डिटर्जंट वापरायचं. बंदरापासून दूर, स्वच्छ पाण्यात असलो की बटाटे समुद्राच्या पाण्यातच उकडायचे, मीठ घालावं लागत नाही. पण कपडे समुद्राच्या पाण्यात धुतले तर ते कधीच पूर्ण वाळत नाहीत. धाग्यात राहिलेले क्षार हवेतली ओल ओढत राहतात. तीन दिवस मी एका दमट टी-शर्टमध्ये वावरलो, तेव्हा कुठे हे नीट समजलं.

विजेचा हिशेब

बोटीवर १२ व्होल्टच्या १०० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या घरगुती वापरासाठी. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणून वापरण्यासारखे १००. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी, आणि तिला दुसरं काहीही जोडायचं नाही हा काकांचा कायदा.

लॉगबुकातला एका दिवसाचा खर्च असा. ऑटोपायलट ३ अँपिअर, ८ तास, म्हणजे २४. नकाशाचा स्क्रीन १ अँपिअर, १२ तास, म्हणजे १२. रेडिओ ६. डोलकाठीवरचा आणि आतले एलईडी दिवे मिळून ५. चार मोबाइल ६. एकूण ५३ अँपिअर-अवर. जमा काय? १०० वॉटचं सोलर पॅनेल. थंडीतलं ऊन आणि शिडाची सावली धरून दिवसाला साधारण २६. उरलेल्या २७ साठी इंजिन पाऊण तास चालवायचं, तासाला दोन लिटर डिझेल जाळत.

आता पार्टनरचा लॅपटॉप. इन्व्हर्टरसकट तो सुमारे ६ अँपिअर ओढतो. दोन तासांचा सिनेमा म्हणजे १२ अँपिअर-अवर, दिवसभराच्या उन्हाच्या जवळजवळ निम्मा. हॉस्टेलवर हा हिशेब आपण कधी करतो का? बिल आपल्या दारात येत नाही म्हणून करत नाही.

जेवण, झोप आणि बाकीचं

बोटीवर सगळ्यात कामाचं भांडं म्हणजे कुकर, कारण बोट कलली तरी झाकण उडत नाही. शेगडी दोन बाजूंच्या खिळ्यांवर झुलती टांगलेली, त्यामुळे बोट कितीही तिरकी झाली तरी खिचडी सपाट राहते. गॅस सिलिंडर आत ठेवत नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि एका ठिणगीत सगळं संपतं. म्हणून सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, आणि चहा झाला की आधी सिलिंडरची चावी बंद, मग चहा. मेनू म्हणजे मुगाची खिचडी, पिठलं-भात, काकूंनी घरून आणलेल्या दशम्या, चिवडा, आणि वाटेत एखादी होडी भेटली तर बांगडे.

पहिल्या दिवशी मला समुद्र लागला. उपाय असा की आत पडून राहायचं नाही. बाहेर बसायचं, क्षितिजाकडे बघायचं आणि सुकाणू हातात घ्यायचं. डोळे आणि कान यांचं एकमत झालं की पोट शांत होतं. आल्याचा तुकडा चघळायचा. मला दुसऱ्या दिवशी दुपारी भूक लागली तेव्हा काकूंनी लॉगबुकात तशी नोंद केली.

झोप तुकड्यातुकड्यांत. पहाटे निघालो की दोघं बाहेर, दोघं आत. नांगरावर असतानाही रात्री आळीपाळीनं पहारा. आणि याच पहाऱ्याची गोष्ट सांगायची आहे.

जयगडची रात्र

मुरुडजवळून पहाटे तीनला निघालो आणि चौदा तासांनी, संध्याकाळी पाचच्या सुमारास जयगडच्या खाडीत शिरलो. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते. आत मच्छीमारांचे ट्रॉलर नांगरून पडले होते. त्यांच्या थोडं वर जागा सापडली. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर आकडा ३ मीटर.

नांगर नुसत्या वजनानं बोट धरत नाही. त्याचं फाळ तळात रुतून बसतं म्हणून तो धरतो, आणि ते रुतून राहायला ओढ जमिनीला जितकी समांतर तितकी चांगली. म्हणून दोर खोलीच्या कित्येक पट सोडतात. आमच्याकडे १० मीटर साखळी आणि पुढे दोर. काकांचा नियम सात पट. त्या दिवशी नांगराचं काम माझ्याकडे होतं. तीन साते एकवीस. दोरावर २० मीटरची खूण होती, तिथेच मी दोर बांधला. शिवाय ट्रॉलर मागे होते, जास्त सोडला तर त्यांच्याजवळ जाऊ असंही वाटलं. काकांनी सुकाणूवरून विचारलं, "किती सोडलास?" मी थाटात म्हणालो, "सात पट, काका!"

जेवणं झाली. पार्टनर आणि मी सिनेमा पाहिला. बॅटरीचा काटा निम्म्यावर आला. बारा वाजता माझा पहारा सुरू झाला. काम एवढंच की किनाऱ्यावरचे दोन दिवे एका रेषेत आहेत ना, हे दर पंधरा मिनिटांनी बघायचं. सव्वाबाराला ते रेषेत नव्हते. मला वाटलं, भरती संपून ओहोटी लागली, बोट फिरली असेल. साडेबाराला ते आणखी दूर गेलेले. आता खरं सांगतो. मला शंका आली होती. पण काकांना उठवावं आणि काहीच नसावं, मग सकाळी सगळे हसतील, या विचारानं मी उठवलं नाही. सात पट दोर सोडलाय, आकडा बरोबर आहे, असं स्वतःला समजावत बसलो.

काकू उठल्या त्या आवाजानं. तळावरून साखळी ओढली जाताना तिची घरघर दोरातून बोटीत येते आणि आत उशीला ऐकू येते. त्या बाहेर आल्या, एकदा मागे बघितलं आणि ओरडल्या, "अहो, नांगर घसरतोय!" मागे वळून बघितलं तर ट्रॉलरचा मागचा भाग दहा-बारा फुटांवर. काकांनी इंजिनाची किल्ली फिरवली. ते पहिल्या झटक्यात लागलं. सिनेमा ज्या बॅटरीवर बघितला तीच इंजिनाला असती तर? तोपर्यंत ट्रॉलरवरचा एक खलाशी जागा झाला होता. त्यानं न बोलता एक जुना टायर दोन्ही बोटींच्या मध्ये धरला आणि पायानं आम्हाला ढकललं. टायर घासला, आमचा थोडा रंग गेला, आणि बोट पुढे सरकली. जरा उशीर झाला असता तर टायरच्या जागी त्याचा पाय असता. हे मी अजून विसरलेलो नाही.

पुन्हा नांगर टाकला, या वेळी वर, मोकळ्या जागेत, ४५ मीटर दोर सोडून. काका मला काही बोलले नाहीत. काकूंनी लॉगबुक आणि पेन पुढे केलं. मी लिहिलं, 'नांगर घसरला. रात्री वारा व प्रवाह जोरात होता.' त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "ही सबब झाली. कारण लिही."

कारण

मी संध्याकाळी खोली मोजली ती ओहोटीच्या वेळी. त्या रात्री पाणी २.४ मीटर चढणार होतं. म्हणजे ३ अधिक २.४, ५.४ मीटर. दोर पाण्याच्या पातळीवर बांधलेला नसतो, बोटीच्या पुढच्या टोकावर असतो. ते पाण्याच्या १ मीटर वर. एकूण उंची ६.४ मीटर. २० भागिले ६.४ म्हणजे जेमतेम तीन पट. दोर ताठ झाला की तळाशी त्याचा कोन सुमारे १९ अंश होतो. सात पटीला लागतात ४५ मीटर आणि तेव्हा कोन येतो ८ अंश. १९ अंशांवर ओढ नांगराला रुतवत नाही, उपटते. त्यात मध्यरात्री ओहोटीचा प्रवाह आणि मतलई वारा दोन्ही एकाच दिशेनं, बाहेर समुद्राकडे.

पाणी किती वेगानं चढतं याचाही साधा नियम आहे. भरतीच्या सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारावे भाग पाणी चढतं. २.४ मीटरचा बारावा भाग ०.२. म्हणजे पहिल्या तासात ०.२, मग ०.४, ०.६, ०.६, ०.४, ०.२. आपल्या साइन कर्व्हचीच ही गावठी आवृत्ती. हे सगळं मला येत होतं. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक कपाटात होतं. मी ते उघडलं नाही, एवढंच.

पाऊणपट

सकाळी पार्टनर आणि मी छोट्या होडीतून ट्रॉलरवर माफी मागायला गेलो. तांडेल साठीचे असावेत. आम्हाला चहा दिला. मी रात्रीची हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं, "काल तिथी कोणती होती?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. "पुनव होती ना! उधाण असणार. पुनवेला भरती कधी लागते?" आम्ही गप्प. मग त्यांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

बोटीवर येऊन मी गणित मांडलं. चंद्राच्या एका फेऱ्यात ३० तिथी आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळात २४ तास सरकते. म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. तांडेलांचा नियम ४५ धरतो. पंधरा तिथींत चूक वाढून पाऊण तासाची. ठिकाणानुसार वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून छापील कोष्टक बघायचंच. पण आकाशात पूर्ण चंद्र दिसत असताना मला एवढं कळायला हवं होतं की पाणी बरंच चढणार आहे आणि मध्यरात्रीच्या आसपास उतरायला लागणार आहे. मी चंद्राचे फोटो काढत होतो.

पुढे विजयदुर्ग, मालवण आणि गोवा. मालवणला सिंधुदुर्गाभोवती पाण्याखालचे खडक आहेत, तिथे दिवसाउजेडीच शिरलो. नवव्या दिवशी संध्याकाळी मांडवीच्या मुखाशी पोचलो. दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'वरून २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती बोट गोव्यातच बांधलेली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीवरून कुठेही न थांबता जग फिरून आले. पूर्वी हे वाचताना मला लाटा आणि वादळं दिसायची. आता वाटतं, या माणसांनी रोज किती वेळा पाणी मोजलं असेल, किती वेळा दोर तपासला असेल.

हॉस्टेलवर परत

परत आल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचा गळका नळ पहिल्यांदा कानाला टोचला. तो गेल्या सेमिस्टरपासून गळतोय. पार्टनरनं खाली २० लिटरची बादली ठेवली. चार तासांत भरली. म्हणजे दिवसाला १२० लिटर, आमच्या बोटीवरच्या चौघांचं सहा दिवसांचं पाणी. हा आकडा कागदावर लिहून रेक्टर सरांकडे दिला. 'नळ गळतो' अशी तक्रार आधी तीनदा झाली होती. आकडा दिल्यावर दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. वॉशर बदलायला त्याला दहा मिनिटं लागली.

आपण डिझाइनच्या पेपरात 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' घेतो, तो बहुधा उत्तर जमवण्यासाठी. मीही सात पट घेतला होता. पण तो कशाच्या सात पट, हे विचारलं नाही. मित्रहो, पुढच्या वेळी कुठलाही आकडा गुणण्याआधी तो कुठून मोजलाय आणि रात्री तो बदलणार आहे का, एवढं बघा. आणि शंका आली तर झोपलेल्याला उठवा. फार तर सकाळी चार जण हसतील.

ज्यांना भरतीचं कोष्टक वाचायला शिकायचं असेल त्यांनी रविवारी मेसनंतर आमच्या रूमवर यावं. येताना आजची तिथी बघून यावं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी